गॅरेजमधून गाडी गेली. पाडव्याला नवी येतेय, त्याआधी काय काय करून घेऊ?

पहिली_पाळी
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात घराच्या गॅरेजमधून माझी स्प्लेंडर चोरीला गेली. कराडजवळ राहतो. घराला लागून दहा बाय चौदाचं पत्र्याचं गॅरेज, त्याला लाकडी दोन फळ्यांचं दार, कडी-कोयंडा आणि सात लिव्हरचं चांगलं कुलूप. गाडीचं हँडल लॉक केलेलं होतं.

पहाटे पावणेसहाला पहिल्या पाळीला निघालो तर घराचं दारच उघडेना. बाहेरून कडी लावली होती. शेजारच्या काकांना फोन केला तर त्यांच्याही दाराला बाहेरून कडी! शेवटी मागच्या बाजूने, न्हाणीघराजवळच्या दारातून बाहेर आलो. गॅरेजचं कुलूप जसंच्या तसं होतं, बंद. कोयंडाच चौकटीतून उपटलेला. एकेक इंचाचे चार स्क्रू उंबऱ्यापाशी पडले होते, आट्यांमध्ये लाकडाचा भुसा तसाच. ते मी पुडीत बांधून ठेवलेत. साडेसातशे रुपयांचं कुलूप आणले तेव्हा या चार स्क्रूंकडे बघितलंच नव्हतं.

पोलिसात तक्रार दिली आहे, तपास चालू आहे. विमा फक्त थर्ड पार्टीचा निघाला, म्हणजे हातात काही येणार नाही. आता पाडव्याला नवी गाडी घेतोय. गॅरेज पक्कं करून घ्यायचंय. बायको म्हणते हॉलमध्येच लावा, पण दोन पायऱ्या चढवून रोज कोण आत घेणार? घरातल्या गॅरेजमध्ये गाडी कशी सांभाळता ते अनुभवासकट सांगा.

शनिवारपेठ
वाईट वाटलं वाचून. आधी दाराचं बघा. एक इंची स्क्रू काढून टाका आणि आरपार बोल्ट घ्या. बाहेरून गोल डोक्याचा, आतून नट. नट आवळल्यावर बोल्टचं टोक आतून ठोकून पसरवायचं, म्हणजे पाना लावूनही सुटत नाही. आमच्या वाड्याच्या जुन्या दाराला असेच खिळे आरपार मारून आत वाकवलेले आहेत. माझ्या आयुष्यात ते कधी हललेले पाहिले नाहीत.

कानस
शनिवारपेठ यांच्याशी सहमत, आणि बिजागऱ्याही बघा. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते. पिन वर ठोकली की कुलूप लावलेलं दार उलट्या बाजूने उघडतं. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा एकेक ठिपका मारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

माझा फॅब्रिकेशनचा धंदा आहे, बावीस वर्षं. चोरीनंतर ग्रिल करायला आलेल्या गिऱ्हाइकांची दारं रोज बघतो. कुलूप तुटलेलं फार कमी दिसतं. कोयंडा, बिजागरी नाहीतर चौकट, यांतलंच काहीतरी गेलेलं असतं.

दोन_चाकी
दार कितीही पक्कं करा, तो आत आलाच तर गाडी मोकळीच आहे ना? हँडल लॉकचा काही भरवसा नाही. सीटवर बसून हँडलला पायाने हिसका दिला की आतली खिट्टी तुटते. मग इग्निशनची वायर काढून डायरेक्ट करतात, नाहीतर तेही करत नाहीत. दुसरा गाडीवरून मागून पायाने ढकलत नेतो, इंजिन चालू करायचीही गरज नाही.

जुन्या स्प्लेंडरला तर झिजलेली कुठलीही चावी लागते. आमच्या मंडईत एकदा मी दुसऱ्याचीच गाडी काढून अर्ध्या रस्त्यात आलो होतो. पेट्रोलचा काटा बघितला तेव्हा कळलं, कारण माझ्या टाकीत इतकं पेट्रोल कधी नसतंच. परत जाऊन मालकाला भेटलो, चहा पाजला.

वाटसरू७१
हा हा, चहा पाजला हे बरं केलंत! चावी झिजली की अख्खा लॉकसेट बदलावा. इग्निशन, टाकीचं झाकण आणि साइड लॉक एकाच चावीचे मिळतात.

कृष्णामाई
कुत्रा पाळा. आमचा गावठी आहे, गॅरेजच्या तोंडाशीच झोपतो. चोर सोडा, माझ्या मेहुण्यालाही रात्री दहानंतर आत येऊ देत नाही.

कानस
कुत्रा उत्तम. पण दोन_चाकी म्हणतात तो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी जमिनीला बांधा. जमिनीत लोखंडी कडं गाडून घ्या. फरशीचा एक बाय एक फुटाचा तुकडा काढा, खाली फूटभर खोल खणा. २० मिलिमीटरची सळई यू आकारात वाकवून तिच्या दोन्ही पायांना खाली आडव्या सळया वेल्ड करा, म्हणजे वर ओढली तरी ती काँक्रीटमध्ये अडकते. एकास दीड तीन (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा, वर गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारा. पाणी मारण्यात कंजुषी नको. कडं फरशीच्या वर आलं तर रोज ठेच लागेल, म्हणून भोवती वाटीसारखा खळगा ठेवायचा. जागा भिंतीजवळची, मागच्या चाकाखाली येईल अशी. ग्राइंडर घेऊन तिथे वाकायला जागा मिळता कामा नये.

साखळी मागच्या चाकातून आणि स्विंग आर्ममधून (मागचं चाक धरणारा दांडा) ओवा. पुढच्या चाकात नको, आसाचा नट काढला की चाक साखळीला राहतं आणि गाडी जाते. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका. कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो, म्हणून ती अधांतरी आणि ताठ हवी.

हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते ती साखळी मऊ लोखंडाची. बोल्ट कटरने ती माझ्या दुकानातला पोरगाही एका दमात तोडतो. घेताना खिशात छोटी कानस ठेवा आणि कडीवर फिरवून बघा. कानस बसली, चमकती रेघ उमटली तर साखळी मऊ. कडक पाणी दिलेल्या पोलादावरून कानस काचेवरून सरकावी तशी सरकते. आणि अशी साखळी आणल्यावर तिला कुठेही वेल्डिंग करू नका. लोक कडं जोडून द्या म्हणतात. तापवली की त्या जागचं पाणी उतरतं आणि नेमकी तिथेच ती तुटते.

शनिवारपेठ
कानससाहेब, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. माझं दुकान लाकडाचं, लोखंडातलं हे काही माहीत नव्हतं.

थेम्सकाठ
मी इंग्लंडमध्ये असतो. इथे जमिनीतलं कडं ही सर्रास मिळणारी वस्तू आहे. साखळ्या-कुलुपांना 'सोल्ड सिक्युअर' नावाची मानांकनं असतात: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. विमा घेतानाच गाडी रात्री कुठे ठेवता हे विचारतात, गॅरेज लिहिलं असेल तर रात्री ती गॅरेजमध्येच हवी. सोळा मिलिमीटरची साखळी वापरतो, उचलताना चांगलीच जड लागते. घरी कायम राहणार असेल तर जाड घ्या, बरोबर न्यायची असेल तर डिस्क लॉक, म्हणजे ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप. डिस्क लॉकला हँडलपर्यंत येणारी रंगीत दोरी लावा. कुलूप काढायचं विसरून गाडी पुढे घेतली तर पडायला होतं, ब्रेकच्या कॅलिपरचंही नुकसान होतं.

रानमेवा
एवढं सगळं करण्यापेक्षा जीपीएस ट्रॅकर लावा की. बॅटरीला जोडायचा, सिम टाकायचं, मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं. मी दोन वर्षं वापरतोय. बाप्पाच्या कृपेने वेळ आली नाही.

दोन_चाकी
रानमेवा, असहमत. ट्रॅकर गाडी गेल्यावर कामाला येतो, धागाकर्त्याला ती जाऊच द्यायची नाहीये. तळघरात किंवा टेम्पोच्या बंद हौद्यात गाडी घातली की सिग्नल जातो. शिवाय गाडी महिनाभर उभी राहिली तर बॅटरी उतरते. माझ्या भावाची दिवाळीत उतरली होती, ऐन पाडव्याला धक्का मारत होतो.

रानमेवा
मान्य, पण साखळी तुटली तर तुमच्याकडे पुढे काय आहे? मला निदान शेवटचं ठिकाण तरी कळेल. दोन्ही ठेवा, एवढंच म्हणणं आहे. वायर मात्र सीटखाली समोरच दिसेल अशी सोडू नका, आणि आतली छोटी बॅटरी असलेलाच ट्रॅकर घ्या.

जुनं_ते_सोनं
माझ्याकडे १९९२ ची आरएक्स १०० आहे. ती बनायची थांबली १९९६ ला, पण आजही लोक गल्लीत थांबून विचारतात, विकायची का? म्हणजे चोरालाही हवीच. मी रात्री पेट्रोलचा कॉक बंद करतो. काही वर्षांपूर्वी एकदा दाराशी लावलेली गाडी रात्री नेली. कार्बोरेटरच्या वाटीत होतं तेवढ्या पेट्रोलवर ती चौकापर्यंत गेली आणि बंद पडली. तिथेच रसवंतीच्या गाड्याला टेकवून तो पळाला. सकाळी दूधवाल्याने निरोप दिला. तेव्हा मला गाडी आठवण्याआधी वडिलांनी लावलेली कॉकची सवय आठवली.

वाटसरू७१
२०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन असतं, कॉक नसतो. धागाकर्त्याच्या नव्या गाडीला हा उपाय नाही. दोन दिवस गावाला जाणार असाल तर मुख्य फ्यूज काढून घरात ठेवता येतो. मी ठेवतो, देवघरातल्या वाटीत.

हिशेबवही
मी विम्याचं काम करते. धागाकर्त्यांच्या 'फक्त थर्ड पार्टी निघाला' या वाक्यावर लिहायलाच हवं, कारण हे माझ्यासमोर दर महिन्याला येतं.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. पण त्याच कागदावर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि चोरीचा जो भाग असतो तो बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. लोक वर 'पाच वर्षे' वाचतात आणि निश्चिंत होतात. दुसऱ्या वर्षापासून चोरीला काहीच संरक्षण नसतं. तेवढाच भाग दरवर्षी वेगळा घेता येतो, २०१९ च्या सप्टेंबरपासून तशी पॉलिसी मिळते. पाडव्याला कागद हातात आला की दोन तारखा बघा, दोन वेगवेगळ्या रकान्यांत असतात.

चोरी झाली तर आयडीव्ही मिळते, म्हणजे घसारा वजा करून पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत. दुसऱ्या वर्षात घसारा २० टक्के, पाचव्या वर्षात ५० टक्के. पूर्ण बिलाची रक्कम हवी असेल तर 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे जादा कव्हर नव्या गाडीला जरूर घ्या.

आणि दोन्ही चाव्या जपा! दावा करताना कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. दुसरी चावी सापडत नसेल तर गाडीला चावी लावून सोडली होती का, इथपासून प्रश्न सुरू होतात. दुसरी चावी गॅरेजमधल्या खिळ्याला कृपया टांगू नका.

पहिली_पाळी
ताई, आमची दुसरी चावी गॅरेजमधल्या खिळ्यालाच होती. ती पण गेली. वायर तोडायचीही गरज पडली नसणार त्यांना.

हिशेबवही
वाईट वाटून घेऊ नका दादा, दहापैकी निम्म्या घरांत तो खिळा असतो. आता कागदांचं एक करा. आरटीओला चोरीचं पत्र देऊन पोच घ्या, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर होणं अडतं. पोलिसांचा तपास लागला नाही तर न्यायालयातून 'अ समरी' मंजूर होते, गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही अशी. विमा असलेल्यांना पैसे मिळायला तोच कागद लागतो, म्हणून तारखा लिहून ठेवा. चोरी कळल्या दिवशीच पोलिसात आणि विमा कंपनीत दोन्हीकडे कळवायचं. पोलिसात लगेच तक्रार दिली असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावर बोट ठेवून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तरी ती वेळ येऊच देऊ नका.

काळा_कोट
हिशेबवही यांनी छान लिहिलंय. थोडी भर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या चोरीला कलम ३०३, पण राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर ३०५, आणि फोडून आत शिरल्याचं ३३१. गॅरेज फोडलं असेल तर एफआयआरच्या प्रतीत कलमं बघून घ्या. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते. कोर्टात अर्ज करून बंधपत्रावर ती मालकाला मिळते, खटला संपायची वाट बघू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटलं आहे की जप्त वाहनं ठाण्यात सडत ठेवू नयेत.

चिंचपाणी
माझी सापडली होती, चार महिन्यांनी. आरसे नाहीत, बॅटरी नाही, सीटवर पिंपळाचं रोप. पण चेसिस नंबर पाण्याने पुसला आणि माझाच निघाला तेव्हा तिथेच रडू आलं. चेसिस आणि इंजिन नंबरचा फोटो सगळ्यांनी आजच काढून ठेवा. आरसी डिकीत ठेवू नका.

शनिवारपेठ
सीसीटीव्हीचं कोणीच बोललं नाही?

चिंचपाणी
आमच्या सोसायटीत होता. तोंडाला रुमाल बांधलेले दोघे दिसले, बाकी अंधार. घड्याळही चाळीस मिनिटं पुढे होतं. कॅमेरा लावलात तर दाराच्या उंचीला, चेहऱ्यासमोर येईल असा लावा, आणि हालचालीने पेटणारा दिवा त्याच्या शेजारी. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं तेही विचारा. आम्ही मागायला गेलो तोवर वरून दुसरं चढलं होतं.

सांगलीची_हळद
सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी लिहिली नाही, आणि धागाकर्ते नदीकाठचे आहेत म्हणून लिहिते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी आलं. आमच्या शेजाऱ्यांनी गाडी अशीच जमिनीतल्या कड्याला बांधली होती. चावी मुलाकडे, मुलगा पुण्याला. गुडघाभर पाण्यात त्यांनी करवतीने प्रयत्न केला, मग कमरेएवढं झालं आणि सगळे माळ्यावर गेले. गाडी पाण्याखाली तशीच उभी राहिली. नंतर इंजिन उघडलं तेव्हा आतून गाळ निघाला.

साखळी जरूर लावा. पण तिच्या चाव्या दोन ठेवा आणि दुसरी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आमच्याकडे आता ठरलेलं आहे, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांना लागलं की साखळी सोडायची आणि गाडी विश्रामबागेत नणंदेकडे उंचावर नेऊन लावायची. ४५ ला धोका पातळी, तोवर थांबायचं नाही.

कानस
ताई, बावीस वर्षांत मी शेकडो कडी गाडली, हे एकदाही मनात आलं नाही. यापुढे गिऱ्हाइकाला सांगेन.

रानमेवा
दाराला बाहेरून कडी लावतात त्याचं काय करायचं? मला तर तेच सगळ्यात भीतिदायक वाटलं. आग लागली असती तर?

कानस
बाहेरची कडी काढूनच टाका. बाहेरून लावायला लॅचचं किंवा आत बसवलेलं चावीचं कुलूप वापरा. आमच्या भागातली निम्मी घरं आता तशीच आहेत.

पहिली_पाळी
सगळ्यांचे मनापासून आभार. पाडवा झाला, गाडी आली. काय केलं ते लिहितो.

दाराला आरपार बोल्ट आणि बिजागऱ्यांना वेल्डिंग पहिल्याच रविवारी झालं. घराच्या तिन्ही दारांच्या बाहेरच्या कड्या काढल्या, शेजारच्या काकांच्याही. कडं गाडलं, भिंतीपासून सव्वा फुटावर. गोणपाटावर पाणी मारायचं काम आईने घेतलं होतं, तुळशीला घालताना तिकडेही तांब्या. साखळी घ्यायला कराडच्या तीन दुकानांत कानस घेऊन गेलो. पहिल्या दोन ठिकाणी चमकती रेघ उमटली, तिसरीकडे सरकली. विम्याच्या कागदावर दोन तारखा बघितल्या, ताई म्हणाल्या तसंच होतं. चोरीचा भाग एकच वर्ष. मोबाईलमध्ये पुढच्या वर्षीची आठवण लावली आहे. ट्रॅकर सध्या नाही, बोनस झाला की बघतो.

रोजचा वेळ मोजला. रात्री लावायला दीड मिनिट, पहाटे सोडायला एक. पहिल्या आठवड्यात कंटाळा आला होता, आता चपला घालण्यासारखं झालंय. साखळीची दुसरी चावी बायकोच्या मसाल्याच्या डब्याशेजारी आहे, आईला, बहिणीला सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत २०१९ ला पाणी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत आलं होतं. गिरणीच्या भिंतीवर खूण अजून आहे. पाणी चढत त्या खुणेच्या दोन हात खालपर्यंत आलं की साखळी सोडायची, असं घरात ठरवलंय.

एक अडचण आहे. साखळीचं कापडी आवरण मागच्या चाकाच्या आऱ्यांना घासून फाटायला लागलंय. आतली कडी रिमवर आपटते.

कानस
सायकलच्या जुन्या ट्यूबमधून ओवून घ्या. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळेल. ओवताना आत थोडी टाल्कम पावडर टाका, झटकन सरकते.